प्रश्न मोत्याचा, धोका शेळ्यांना

प्रिय डॉक्टर,

जुन्नर तालुक्यात आमची साडेतीन एकर शेती आहे. चार वर्षांपूर्वी ह्यांनी हौसेनं द्राक्षबागेच्या कडेला अ‍ॅव्होकॅडोची वीस कलमं लावली. आमच्याकडे सगळे त्याला बटरफ्रूटच म्हणतात. नर्सरीवाल्यानं ‘हास’ जात म्हणून दिली होती. यंदा पहिल्यांदाच बऱ्यापैकी फळ धरलंय. पावसात काही गळून खाली पडतं, चार-पाच दिवसांत मऊ होतं आणि आमचा मोत्या ते बरोबर हुडकून खातो. मोत्या गावठी, सहा वर्षांचा, १८ किलोचा. आजवर कधी आजारी पडलेला नाही.

पुण्याची भाची म्हणते, मामी, अ‍ॅव्होकॅडो कुत्र्याला विष आहे, लगेच बंद करा. तिचाच भाऊ म्हणतो, काही होत नाही, माझ्या मित्राच्या कुत्र्याच्या खाण्याच्या पिशवीवर अ‍ॅव्होकॅडोचं चित्र छापलेलं आहे. कोणाचं ऐकू? आठ दिवसांपूर्वी मोत्यानं एक अख्खं फळ पळवलं. साल सापडली, बी काही सापडली नाही. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

ता. क. : आता फळ उतरलं की छाटणी करायची आहे. पाला खूप निघेल. हे म्हणतात, वाया कशाला घालवायचा, शेळ्यांपुढे टाकू. चालेल ना? तीन शेळ्या आहेत, एक नुकतीच व्यायलेली.

— एक वाचक, जुन्नर तालुका

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा कुत्र्याचं पत्र म्हणून वाचत गेले, ता. क.पाशी आले आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. म्हणून उत्तरही शेपटाकडून सुरू करते. तो पाला शेळ्यांना घालायचा नाही. थोडासुद्धा नाही, सुकवूनसुद्धा नाही. एखादी फांदी आधीच टाकून झाली असेल तर आत्ता उठा, काढून टाका, मग पुढचं वाचा.

अ‍ॅव्होकॅडो हे दालचिनी-तमालपत्राच्या कुळातलं झाड. बुरशी आणि किडे लांब ठेवायला ते आपल्या अंगात एक द्रव्य तयार करतं, त्याला पर्सिन म्हणतात. रेशमाच्या अळ्यांना या झाडाची पानं का मानवत नाहीत, याचा शोध घेताना हे द्रव्य हाती लागलं. ते सगळ्यात जास्त असतं पानांत. सालीत, खोडात, बीमध्येही असतं. पिकलेल्या गरात सगळ्यात कमी. म्हणजे माणसानं आपल्यासाठी नेमका निरुपद्रवी भाग निवडला आणि उरलेला जनावरांपुढे टाकायचा विचार केला!

शेळीवर याचा परिणाम काय होतो, ते आकड्यांत सांगते. शेळीच्या वजनाच्या दर किलोमागे २० ग्रॅम पानं पोटात गेली तर तिला जोराची काससुजी होते. ३० ग्रॅम गेली तर हृदयाच्या स्नायूला इजा होते. तुमच्याकडच्या शेळ्या संगमनेरी असतील तर एकेक ३० किलोची धरू. म्हणजे ६०० ग्रॅम पाला कासेला पुरतो आणि ९०० ग्रॅम काळजाला. शेळी दिवसाला किती हिरवं खाते हे तुम्हाला मी सांगायला नको. एक भारा टाकला तर संध्याकाळपर्यंत हिशेब पूर्ण. आणि ‘आम्ही थोडंथोडंच टाकतो’ यानंही सुटका नाही. मेंढ्यांना किलोमागे जेमतेम अडीच ग्रॅम पाला रोज, असा ३२ दिवस खायला घातल्यावरही त्यांचं हृदय हळूहळू थकत गेल्याची नोंद आहे.

त्यातही तुमची झाडं ‘हास’. अ‍ॅव्होकॅडोचे ढोबळ तीन वंश मानतात, मेक्सिकन, ग्वाटेमालन आणि वेस्ट इंडियन. जनावरांना बाधल्याच्या नोंदी प्रामुख्यानं ग्वाटेमालन वंशाच्या झाडांच्या आहेत आणि ‘हास’ या संकरात तेही रक्त आहे. मेक्सिकोत लोक अ‍ॅव्होकॅडोची पानं स्वयंपाकात वापरतात असं तुमच्या भाच्यानं कुठेतरी वाचलं आणि सांगितलं, तर ती पानं वेगळ्या वंशाची, एवढं त्याला सांगा.

नुकत्या व्यायलेल्या शेळीला मी मुद्दाम वेगळं काढते आहे. पर्सिनचा पहिला घाव दुभत्या कासेवर पडतो. एका दिवसात कास सुजते, टणक होते, दूध पाण्यासारखं किंवा फाटल्यासारखं येतं आणि एकदम आटतं. बाहेरून बघितलं तर ही नेहमीची काससुजीच वाटणार. तालुक्याचे डॉक्टरही तसंच समजून प्रतिजैविकाचं इंजेक्शन देतील, त्यात त्यांची चूक नाही. आपल्याकडे हे झाड इतकं नवं आहे की असा रुग्ण बहुतेकांनी पाहिलेलाच नसतो. पण या सुजेत जंतू नसतात, त्यामुळे मूळ आजारावर त्या औषधाचा उपयोग नाही. यावर उतारा असं औषधही नाही. सूज उतरवायची, वेदना कमी करायच्या, हृदयाला आधार द्यायचा, इतकंच हातात राहतं. म्हणून कधी चुकून शेळी बागेत शिरलीच तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा : ‘हिनं अ‍ॅव्होकॅडोचा पाला खाल्लाय.’ धाप लागणं, गळ्याखाली किंवा छातीला सूज येणं, चार पावलं चालून थांबणं, ही हृदयाची लक्षणं. ती दिसली तर शेळीला चालवत दवाखान्यात नेऊ नका. १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरतं पथक गोठ्यावर बोलवा.

गायीला, मेंढीला, घोड्याला आणि सशालाही हेच लागू. छाटलेला पाला झाडांच्याच बुडाशी आच्छादन म्हणून पसरा, झाडाला ते आवडतं. मात्र तिथे शेळ्या चरायला सोडायच्या नाहीत. बागेला कुंपण नसेल तर खड्डा करून गाडा.

आता घरात कुठे पिंजरा असेल तर. तुम्ही लिहिलेलं नाही, पण हल्ली नातवंडांच्या हट्टापायी घरोघरी ‘लव्हबर्ड्स’ असतात (दुकानदार बजरीगार या छोट्या पोपटांनाच लव्हबर्ड म्हणून विकतो, ते एक असो). पक्ष्यांच्या बाबतीत तर पिकलेला गरही चालत नाही. बजरीगारांना १ ग्रॅम गर दिला तर ते अस्वस्थ होऊन पिसं उपटायला लागले आणि पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास दिल्यावर ४८ तासांत मेले. पावणेनऊ ग्रॅम म्हणजे चहाचे दोन चमचेही नाहीत. पोपटाला प्रेमानं फोड भरवणारी आजी मला या फळाच्या बाबतीत कुत्र्यापेक्षा जास्त घाबरवते.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, मग मोत्या जिवंत कसा? कारण तो कुत्रा आहे. पर्सिनच्या बाबतीत कुत्रा बराच चिवट निघाला. या विषानं कुत्रा आजारी पडल्याची नोंद शोधायला गेलं तर हाताला लागते ती १९९४ साली प्रसिद्ध झालेली केनियातल्या दोन कुत्र्यांची. दोघांना अ‍ॅव्होकॅडोची चटक होती, दोघांच्या पोटात पाणी झालं, श्वास जड झाला. लिहिणाऱ्या डॉक्टरांनीही शीर्षकात ‘संशयित’ असाच शब्द वापरला. त्या पलीकडे, ज्या देशांत परसात अ‍ॅव्होकॅडोची झाडं असतात तिथले कुत्रे पडलेली फळं खाऊन गलेलठ्ठ होतात, याचीच तक्रार जास्त.

तेव्हा तुमचा भाचा अगदीच खोटं बोलत नाही. परदेशातल्या काही श्वानआहारात अ‍ॅव्होकॅडोचा गर किंवा तेल खरंच असतं. आणि भाचीनंही मनानं काही काढलेलं नाही. ‘पाळीव प्राण्यांना विषारी पदार्थ’ अशा ज्या याद्या फिरतात त्या घोडा, ससा, पोपट, कुत्रा सगळ्यांना एकाच दावणीला बांधतात. पोपटाचा धोका कुत्र्याच्या नावावर चढतो तो असा. दोघांची समजूत घाला, पण एक गोष्ट दोघांनाही सुचली नाही. पिशवीतल्या खाण्यात बी नसते.

ताई, मोत्याचं खरं दुखणं ती बी आहे.

गेली २६ वर्षं मी कुत्र्यांची पोटं तपासते आहे. त्यातून काय काय निघालं याची यादी केली तर वैशाखात आंब्याच्या कोयी, पावसाळ्यात मक्याची कणसं, आणि वर्षभर मोजे. कणीस तर फार वाईट. भाजलेलं, मीठ-लिंबू लावलेलं, मुलांनी दाणे खाऊन टाकलेलं बुरकुंड कुत्रा दोन तुकड्यांत गिळतो आणि ते आतड्यात बुचासारखं बसतं. अ‍ॅव्होकॅडोची बी त्याच घराण्यातली. गुळगुळीत, वरून तेलकट, त्यामुळे गिळायला सोपी. आत गेल्यावर पचत नाही, विरघळत नाही. १८ किलोच्या कुत्र्याच्या आतड्यातून अख्खी बी सहजी पुढे सरकेल अशी आशा मी धरणार नाही. लहान कुत्र्यात ती घशाखाली अन्ननलिकेतच अडकू शकते, तिथे तर तासांचा हिशेब असतो.

मोत्याला आठ दिवस झाले आणि तुमच्या पत्रावरून तो खातो-पितो आहे. तीन शक्यता आहेत. त्यानं बी गिळलीच नाही, बांधावर कुठेतरी चघळून टाकली. बहुतेक कुत्रे गर चाटून खातात आणि बी सोडतात. किंवा दाढेखाली फोडून तुकडे केले आणि ते पडून गेले. किंवा बी अजून जठरात आहे. ही तिसरी शक्यता लोकांना खरी वाटत नाही. जठर ही ऐसपैस पिशवी आहे; त्यात अशी वस्तू दिवसेंदिवस, कधी कित्येक आठवडे गुपचूप पडून राहते, मधूनच जठराच्या तोंडाशी येते, कुत्रा ओकतो, ती पुन्हा मागे जाते, कुत्रा बरा होतो. घरचे म्हणतात, गवत खाल्लं असेल. मग एक दिवस ती पुढे सरकून आतड्यात अडकते आणि तेव्हा मात्र शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर नसतं.

म्हणून त्याच्यावर बारीक लक्ष ठेवा. मधूनमधून उलटी, खाण्यावरची वासना कमी होणं, वजन उतरणं, यातलं काहीही असेल तर सवडीनं नव्हे, त्याच आठवड्यात तपासून घ्या. एकसारख्या उलट्या, प्यायलेलं पाणीही न टिकणं, पोट ताणलेलं आणि हात लावू न देणं, शी न होणं किंवा नुसतं कुंथणं, असं दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. डॉक्टरांना बीचा संशय आहे हे सांगा आणि क्ष-किरण तपासणीबरोबर सोनोग्राफीची सोय असेल तिथेच न्या, कारण बी ही हाडासारखी किंवा नाण्यासारखी फिल्मवर ठळक उमटेलच असं नाही.

आणि कृपा करून घरगुती उपाय नकोत. मिठाचं पाणी पाजून ओकवणं आपल्याकडे अजून चालतं. त्यानं रक्तातलं मीठ वाढून कुत्रा बीच्या आधी त्या मिठानंच दगावू शकतो. शिवाय उलटी झालीच तर एवढी मोठी बी वर येताना अन्ननलिकेत अडकायची. एरंडेल पाजू नका. आतडं अडलेलं असताना त्याला जुलाबाचा जोर लावणं म्हणजे तुंबलेल्या पाइपात पंप चालू करण्यासारखं आहे.

गराचं काय, तर गर मोत्याला विष नाही, पण त्याचा खुराकही नाही. १०० ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम चरबी आणि १६० कॅलरी. लोणीफळ हे नाव उगाच पडलेलं नाही. मोत्याच्या अंगाच्या कुत्र्याला दिवसाला हजाराच्या आतबाहेर कॅलरी लागतात आणि वरच्या खाण्याचा वाटा त्यातल्या दहाव्या हिश्शापुढे जाऊ नये असा आमचा ठोकताळा आहे. म्हणजे ६० ग्रॅम गर, साधारण चार मोठे चमचे. तो बागेत जाऊन एका बैठकीत दोन फळं उडवत असेल तर ते डोहाळे जेवण झालं. एकदम इतकी चरबी पोटात गेली की काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. कुत्रा ओकतो, पाठ कमानीसारखी करतो, पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग वर ठेवतो, नमस्कार घातल्यासारखा. शहरातल्या श्नाउझर, यॉर्कशायर, कॉकर या जातींत हे जास्त. शेतावर दिवसभर धावणाऱ्या गावठी कुत्र्यात कमी, पण होत नाही असं नाही.

तेव्हा मोत्याला फळ द्यायचंच असेल तर तुमच्या हातानं, साल-बी काढून, चमचाभर. नाही दिलं तर त्याचं काही अडत नाही. भाकरी, अंडं आणि उकडलेली कलेजी खाणाऱ्या कुत्र्याला लोणीफळाची उणीव भासल्याचं मी पाहिलेलं नाही. खरं काम झाडाखालचं आहे. हे फळ झाडावर पिकत नाही, तोडल्यावर किंवा गळल्यावरच मऊ होतं. म्हणजे रोज सकाळी पडलेली कडक फळं उचललीत तर मोत्याच्या तोंडी लागेपर्यंत ती जमिनीवर राहणारच नाहीत. उचललेली फळं उघड्या उकिरड्यावर नकोत. घरातल्या बियाही भाजीच्या देठांबरोबर बाहेर फेकू नका. आणि भाचा येऊन त्या गराची कांदा-लसूण घातलेली चटणी करेल, त्याला ग्वाकामोली म्हणेल, ती तर मोत्याला बोटभरही नको. त्यात दोष फळाचा नाही, कांद्याचा.

कांद्याचं निघालंच आहे तर. कुत्र्याच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला तर त्याच्या लाल पेशी फुटायला लागतात. मोत्यासाठी तो ९० ग्रॅम, म्हणजे एक मध्यम कांदा. पाच किलोच्या पॉमेरेनियनसाठी पाव कांदा. शिजवून, तळून, वाटून त्यात फरक पडत नाही. मटणाचा उरलेला रस्सा भाकरीत कुस्करून कुत्र्यापुढे ठेवणं ही आपल्याकडची माया, पण त्या वाटणात किती कांदे गेले ते आठवून बघा. लघवी चहाच्या रंगाची आणि हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर मला अ‍ॅव्होकॅडोपेक्षा हा रस्सा आठवेल.

आणि तुमचा जुन्नर तर द्राक्षांचा! अ‍ॅव्होकॅडोच्या वीस झाडांची चिंता करताना शेजारच्या द्राक्षबागेबद्दल तुम्ही अवाक्षर लिहिलं नाहीत. द्राक्षं आणि बेदाणे खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी झाल्याच्या नोंदी ढिगानं आहेत. एखादा कुत्रा घोस खाऊन ठणठणीत राहतो, दुसरा मूठभरात जातो. कोणाला किती बाधेल याचा अंदाज बांधता येत नाही, हीच त्यातली वाईट गोष्ट. अलीकडे संशयाची सुई टार्टारिक आम्लावर आहे, कारण तेच आम्ल भरपूर असलेली चिंच खाऊनही कुत्र्यांना तसाच त्रास झाल्याचं आढळलं. आमटीतल्या चिंचेच्या कोळानं घाबरू नका, पण चिंचेचा गोळा कुत्र्याच्या तोंडाला लागू देऊ नका. काढणीच्या दिवसांत मोत्याला बागेपासून लांब बांधूनच ठेवा. द्राक्षं खाल्ल्याचं कळलं तर लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा. उलट्या पहिल्या दिवसात सुरू होतात, मूत्रपिंड एक ते तीन दिवसांत बसतं आणि त्यानंतर फारसं काही करता येत नाही.

बाकी तुमच्या तालुक्यात रात्री कुत्र्याचा पहिला वैरी बिबट्या, हे मी पुण्यात बसून सांगायची गरज नाही. मोत्याला रात्री ओट्यावर मोकळा सोडत असाल तर आधी त्याला दाराआड घ्या, फळांचं सकाळी बघू.

हे उत्तर छापून तुमच्या हाती पडेपर्यंत त्या हरवलेल्या बीला तीन-चार आठवडे झाले असतील. तोवर एकदाही ओकला नसेल, जेवणावर तुटून पडत असेल तर बी बांधावर शोधा. पावसाच्या ओलीत ती एव्हाना दुभंगून कोंबही आला असेल. मधे दोन-तीनदा ओकून पुन्हा बरा झाला असेल, तर मात्र तो बरा आहे म्हणून थांबू नका, क्ष-किरण तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या. आणि ह्यांना सांगा, छाटणीच्या दिवशी शेळ्या वरच्या वावरात बांधायच्या, त्या व्यायलेलीला आधी.